पावसाळी डबक्यातला काळा गोळा: बेडूकमासे असे का वागून राहिले?

बोडीकाठ (7 जुलै, सकाळी 9:40)

डबकं गोंदिया जिल्ह्यातलं, साग-बांबूच्या मिश्र जंगलातलं. नाल्याला जोडलेलं नाही, फक्त पावसाचं पाणी. मृग लागल्यावर आठवड्याभरात भरलं, दिवाळीच्या आत कोरडं होतं. पूर्ण भरल्यावर लांबी 11 मीटर, रुंदी 7, सगळ्यात खोल जागी 38 सेंमी. मासे नाहीत. बुडाशी सागाच्या पानांचा थर आणि खाली काळा गाळ. वनखात्याच्या परवानगीने 20 जूनपासून एक दिवसाआड नोंद चालू आहे: पातळी, वरचं आणि बुडाचं तापमान, जाळीच्या पाच ओढी.

21 जूनच्या रात्री बैलबेडकांचा धुमाकूळ झाला. 23 ला भेकाच्या (खरखरीत कातडीचा बेडूक, टोड) अंड्यांच्या माळा दिसल्या. आता पाण्यात पिल्लंच पिल्लं आहेत आणि तीन गोष्टींचा उलगडा होत नाही.

एक, सकाळी साडेदहाच्या सुमारास पश्चिम काठाला काळ्या पिल्लांचा परातीएवढा गोळा जमतो. जागच्या जागी गरगर फिरतो, खालचा गाळ उसळतो. तीननंतर सैल पडतो, रात्री सगळी पांगलेली.

दोन, पहाटे साडेपाचला हीच पिल्लं वर येऊन टपकन हवा घेतात. पाण्यावर पाऊस पडल्यासारखे बारीक गोल उठतात.

तीन, 4 जुलैला एक म्हैस काठाकाठाने चालत गोळ्यातून गेली. गोळा फुटणारच, पण त्यानंतर तासभर एकही पिल्लू त्या जागी फिरकलं नाही. बाकीचं पाणी शांत होतं.

ऊन, अन्न, हवा की भीती? कोणाकडे अशा नोंदी आहेत का?

कोरडा_जुलै (7 जुलै, 10:05)

धोंडी मागायला येणाऱ्या पोरांना घाबरून एकत्र येत असतील.

गाळणी (7 जुलै, 11:20)

दुसरी गोष्ट आधी सोडवा, कारण तिथे ओळखण्यात चूक झालेली दिसते. भेकाची पिल्लं हवा घ्यायला वर येत नाहीत. त्यांचं फुप्फुस पाय फुटून बाहेर पडायच्या वेळेला तयार होतं, तोपर्यंत कल्ले आणि कातडी यांवरच भागतं. पाण्यावरची साय खरवडायला ती वर येतात, पण तेव्हा पाठ खाली करून सावकाश तोंड चालवतात. टपकन येऊन, बुडबुडा सोडून लगेच खाली जाणारं पिल्लू दुसऱ्या बेडकाचं. बैलबेडूक आणि झाडबेडूक यांच्या पिल्लांचं फुप्फुस लवकर कामाला लागतं.

पहाटेची वेळही त्याच्याशी जुळते. रात्रभर शेवाळ आणि कुजणारी पानं पाण्यातला प्राणवायू खात असतात, भरणा सूर्य उगवल्यावर सुरू होतो. म्हणून सगळ्यात कमी प्राणवायू उजाडायच्या आधी.

ओळखायचं असं. पांढऱ्या थाळीत दोन बोटं पाणी घ्या, चहाच्या गाळणीने पिल्लू उचला, हात ओला ठेवा. अंगभर काळं, लहानखुरं, शेपटीचं टोक गोलसर, शेपटीचा पडदा जवळजवळ पारदर्शक: भेक. मोठं, लांबट, तपकिरी, चोचीसारखा मजबूत जबडा: बैलबेडूक. डोळे डोक्याच्या अगदी कडेला आणि शेपूट टोकदार: झाडबेडूक. काचेसारखं आरपार दिसणारं, पाण्याच्या मधोमध स्थिर लटकलेलं: मुंगी बेडूक किंवा त्याचा जवळचा नातलग. त्याला खरवडायला दात नसतात, ते पाणी गाळून खातं.

हाताला ओडोमॉस असेल तर पाण्याला हात लावू नका.

धानबांधी (7 जुलै, 12:02)

पाठ्यपुस्तकात बेडकाच्या पिल्लाले 'भैकेर' म्हणत होते. पेपरात लिहिलं, पुन्हा जन्मात कोणाच्या तोंडून आयकलं नाई.

ऐनसाजा (7 जुलै, 13:15)

बैलबेडकाचा बाप पिल्लांसाठी चर खणतो, कोरड्या डबक्यातून खोल पाण्याकडे वाट करून देतो. व्हिडिओ आहे. गोळ्याजवळ असा बाप बसलेला आहे का ते बघा.

गाळणी (7 जुलै, 13:40)

तो आफ्रिकेतला बुलफ्रॉग, वेगळ्या कुळातला. आपला बैलबेडूक एक-दोन रात्रीत अंडी टाकून मोकळा होतो, पुढे पिल्लांचं काय झालं ते बघायला थांबत नाही. उलट त्याची पिल्लं दुसऱ्यांची पिल्लं खातात, कमी पडलं तर आपलीच भावंडं. दोघांच्या नावात बुलफ्रॉग आलं की व्हिडिओची सरमिसळ होते.

हाच तो पिवळाधमक बेडूक, ज्याचे व्हिडिओ दरवर्षी जूनमध्ये 'विषारी परदेशी बेडूक' म्हणून व्हॉट्सॲपवर फिरतात. नर जोडीच्या दिवसांत पिवळा होतो, गळ्याच्या दोन पिशव्या निळ्या होतात, मग पुन्हा शेवाळी.

रातकिडा (7 जुलै, 16:30)

पहिल्या गोष्टीबद्दल. काळ्या गोळ्याची तीन कारणं सांगितली जातात आणि तिन्ही खरी असू शकतात. काळं अंग ऊन शोषतं, गोळ्यातलं पाणी आजूबाजूपेक्षा थोडं गरम होतं आणि वाढ लवकर होते. आटणाऱ्या पाण्यात वाढ लवकर होणं म्हणजे जीव वाचणं. दुसरं, फिरण्याने बुडाची साय उसळते आणि सगळ्यांना खायला मिळते. तिसरं, भेकाचं पिल्लू चवीला वाईट असतं. एकदा तोंडात घेऊन थुंकलेल्या शिकाऱ्याला मोठा काळा डाग लांबूनच लक्षात राहतो.

धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात सैदापूर आणि सहकाऱ्यांनी याच भेकाच्या पिल्लांवर काम केलं आहे. पिल्लं सख्ख्या भावंडांजवळ राहणं पसंत करतात, असं त्यांना दिसलं. एका माळेची पिल्लं जवळजवळ राहिली तर गोळ्याचा पाया तिथेच पडतो.

पण कारणं मोजून काही होत नाही. प्रत्येक कारण खरं असेल तर काय दिसायला हवं ते लिहून ठेवा. ऊन कारण असेल तर ढगाळ दिवशी गोळा होणार नाही किंवा गरम जागेशी त्याचा संबंध तुटेल. अन्न असेल तर गोळा पानांच्या जाड थरावर फिरेल, गाळ उसळेल, आणि जिथून गेला तिथे पानं खरवडलेली, शिरा उघड्या पडलेल्या दिसतील. भीती असेल तर बगळा, ढोकरी किंवा धोंड्या साप आल्यावर गोळा घट्ट होईल. तुमचं 'गरगर फिरणं, गाळ उसळणं' हे उन्हापेक्षा अन्नाकडे झुकतं.

चतुरपंखी (7 जुलै, 17:10)

फिरतोय तो कोणत्या दिशेने, हे मोबाइलने मोजता येतं. काठाला तिकाटणं रोवून मोबाइल सरळ खाली बघेल असा बांधा, 30 सेकंदाला एक फोटो. उन्हाची चकाकी येत असेल तर ध्रुवीकरण करणाऱ्या गॉगलची एक काच लेन्सपुढे धरून फिरवा, एका कोनात पाणी एकदम आरपार दिसायला लागतं. नेहमीचा कॅमेरा ट्रॅप इथे चालत नाही. तो उष्णतेच्या फरकावर चालतो आणि बेडकाचं अंग पाण्याइतकंच थंड. म्हैस येईल, रानडुक्कर येईल, बेडूक येणार नाही. कॅमेऱ्यात वेळेवर फोटो काढायची सोय असेल तर तीच वापरा.

मोहाची_सावली (7 जुलै, 19:45)

डबक्यात गप्पी मासे सोडा, डासांचाही बंदोबस्त होईल आणि हा गोळाबिळा प्रश्नच उरणार नाही.

गाळणी (7 जुलै, 20:10)

प्रश्न उरणार नाही हे बरोबर, कारण पिल्लंच उरणार नाहीत. गप्पी आणि गॅम्बुशिया डासांच्या अळ्यांबरोबर अंडी आणि कोवळी पिल्लं खातात. पावसाळी डबक्याचं सगळं जग मासे नाहीत यावर उभं आहे. डासांच्या अळ्यांना चतुराच्या अळ्या आणि उलटे पोहणारे किडे खाऊन टाकतात. टाकीत, हौदात, नालीत गप्पी सोडा ना, तिथे कोण नाही म्हणतं.

धानबांधी (7 जुलै, 20:30)

मासेच नाई, जेसीबी पण. आमच्या भागात दोन डबके 'खोलीकरणात' गेले. चार मीटर खोल केलं, आता उन्हाळाभर पाणी, मरळ अन् मागूर आले. ढोरायची सोय झाली, खोटं कायले बोलू. पण पहिल्या पावसात तिथं एक बेंडूक वरडत नाई. बोडी (शेतातलं लहान तळं) वेगळी, मामा तलाव (जुना मालगुजारी तलाव) वेगळा अन् जंगलातलं डबकं वेगळं. कागदावर तिघायले एकच नाव देतात, तिथंच घोळ आहे.

उनाड_टिटवी (8 जुलै, सकाळी 7:15)

धाग्याचं नाव वागण्याचं आहे म्हणून भर घालते. अशाच डबक्यात पाठीवर अंडी चिकटवलेला चपटा तपकिरी किडा दिसला तर 'मादी' लिहू नका. तो नर असतो, पाणढेकणाचा. मादी त्याच्या पाठीवर अंडी चिकटवून जाते, पुढची सगळी राखण त्याच्याकडे. तो वर येऊन पाठ पाण्याबाहेर काढतो, अंडी हवेत धरतो, मग शरीर वरखाली हलवत राहतो. हे 'आजारी किडा, तडफडतोय' असं नोंदलेलं वाचलं आहे. आजारी नाही, अंड्यांना हवा देतोय. हातात घेऊ नका, चावला तर चांगलंच दुखतं.

ऐनसाजा (8 जुलै, 8:02)

म्हणजे पोराबाळांचा बाप घरी. बैलबेडकाने शिकायला हवं.

चतुरपंखी (8 जुलै, 8:40)

आणि फेअरी श्रिंप, बारीक कोळंबीसारखे जीव. डबकं भरल्यावर थोड्याच दिवसांत दिसणारे, नखाएवढे, पारदर्शक, पाठीवर पोहणारे. त्यांची अंडी सुक्या गाळात वर्षानुवर्षं टिकतात, पाणी मिळालं की फुटतात. ते पोट उजेडाकडे ठेवतात म्हणून उलटे दिसतात. काचेच्या बरणीत घ्या, रात्री खालून टॉर्च लावा, सरळ होतात. टॉर्च वर घेतला की पुन्हा उलटे. दोन मिनिटांत सोडून द्या, बरणीतलं पाणी लगेच तापतं.

कोरडा_जुलै (8 जुलै, 9:00)

ताडोबात वाघ पाण्यात उलटा शिरतो, आधी शेपूट मग बाकीचा. त्यालाही खालून टॉर्च लावायचा का?

चतुरपंखी (8 जुलै, 9:12)

लावा, निकाल इथे तुमच्या घरच्यांना टाकायला सांगा.

ज्यांच्याकडे निळी ताडपत्री किंवा काळी चारचाकी डबक्याजवळ उभी असते त्यांनी बघा, पावसाळ्यातले पिवळे चतुर, पोरं ज्याला हेलिकॉप्टर म्हणतात ते, बॉनेटवर शेपूट टेकवत अंडी घालतात. चकचकीत आडव्या पृष्ठभागावरून परतणारा प्रकाश पाण्यासारखाच ध्रुवीकृत असतो आणि ते त्यावरूनच पाणी ओळखतात. अंडी वाया जातात. म्हणून नोंदीला जाताना गाडी डबक्यापासून लांब, झाडाखाली लावा, ताडपत्री अंथरू नका.

बोडीकाठ (8 जुलै, 21:30)

गाळणी, तुमचं बरोबर दिसतंय. पहाटे टॉर्चवर लाल जिलेटिन लावून टपटप करणारीच पिल्लं उचलली. 14 पैकी भेकाचं एकही नाही: 11 बैलबेडकाची, 3 झाडबेडकाची. काळी पिल्लं त्या वेळी बुडाशी पानांवर पसरलेली होती. दुसरी गोष्ट यादीतून काढतो.

पहिलीसाठी काठावर बांबूचा तट्ट्या धरून सावली केली तर?

रातकिडा (8 जुलै, 22:05)

करा, पण नुसता तट्ट्या नको. चार खुंट्या आणि वर चौकट, ती दोन दिवस आधीपासून उभी राहू द्या. एक दिवस चौकटीवर तट्ट्या, एक दिवस चौकट रिकामी, असं आळीपाळीने. नाहीतर पिल्लं सावलीमुळे हलली की तुमच्या खुडबुडीमुळे, ते सांगता येणार नाही. सावली साडेदहा ते साडेअकरा, रोज तेवढीच.

तापमान घेताना थर्मामीटरवर ऊन पडू देऊ नका, तो स्वतःच तापतो आणि दोन-तीन अंश जास्त दाखवतो. पाठ सूर्याकडे करून आपल्या सावलीत घ्या. काठाला 2 सेंमी खोलीवर, मध्यभागी 2 सेंमीवर आणि बुडाशी. पाऱ्याचा नको, फुटला तर डबक्यात पारा. फिश टँकचा वायरवाला चालतो.

ऐनसाजा (8 जुलै, 22:20)

तिसऱ्या गोष्टीसाठी एक पिल्लू चिरडून पाणी टाकून बघा, लगेच समजेल.

रातकिडा (8 जुलै, 22:41)

गरज नाही. भेकाच्या पिल्लाची कातडी फाटली की तिच्यातून असं काही पाण्यात जातं ज्यामुळे बाकीची पळतात, हे युरोपातल्या भेकांवर फार पूर्वी दाखवलेलं आहे आणि पुढे इतर भेकांवरही. म्हशीच्या खुराखाली काही चिरडली असणार. प्रश्न एवढाच की पिल्लं धक्क्याने पळाली की त्या वासाने. ते जीव न घेता तपासता येतं. गोळ्यापासून अर्धा मीटरवर, पिल्लं नसलेल्या जागी, काठीने म्हैस चालल्यासारखं पाच-सहा वेळा दाबा. गोळा फुटून पाच-दहा मिनिटांत परत जमला तर नुसता धक्का तासभर पुरत नाही, हे ठरलं.

गाळणी (9 जुलै, सकाळी 10:15)

गणतीही नीट करा. जाळीच्या ओढी गोळ्यात पडल्या तर संख्या फुगते, बाहेर पडल्या तर शून्य. 15 किलो तेलाचा डबा घ्या, वरचं झाकण आणि बूड दोन्ही कापा, कडा ठोकून बोथट करा. तो एकदम गाळात दाबायचा, हळू नाही, हळू दाबला तर पिल्लं निसटतात. आतली पिल्लं गाळणीने काढत राहायचं, लागोपाठ तीन वेळा गाळणी रिकामी आली की थांबायचं. डब्याची बाजू साधारण साडेतेवीस सेंमी, म्हणजे आलेली संख्या गुणिले 18 केली की एका चौरस मीटरची संख्या. जागा आधीच कागदावर चिठ्ठ्या टाकून ठरवा. डोळ्यांनी ठरवली की हात आपोआप पिल्लं दिसतील तिकडेच जातो. गोळा वेगळा मोजा: पट्टी ठेवून वरून फोटो, व्यास आणि 10 बाय 10 सेंमीतली डोकी.

दुसऱ्या डबक्यावर जाण्याआधी गमबूट आणि जाळी घासून उन्हात पूर्ण वाळवा. बेडकांच्या कातडीच्या बुरशीला ओल लागते, पूर्ण वाळलं की ती मरते. नुसतं खंगाळून भागत नाही.

धानबांधी (9 जुलै, 13:30)

पातळीच्या काठीले कोणी दगडाचा आधार देऊ नका, ढोरं पाडतात. बांबू हातभर गाळात ठोका, शून्य सगळ्यात खोल जागी. अन् संध्याकाळी एकट्यानं बांबूच्या बनात बसू नका, अस्वल इचारून येत नाई.

बोडीकाठ (19 जुलै, 20:50)

दहा दिवसांचं एकत्र टाकतो.

सावली: तट्ट्याचे चार दिवस, रिकाम्या चौकटीचे चार. तट्ट्या असताना चारही दिवस गोळा 15 ते 20 मिनिटांत साधारण दोन मीटर उत्तरेला, उन्हात सरकला. रिकाम्या चौकटीखाली जागचा हलला नाही. उन्हाच्या दिवशी साडेदहाला काठाचं पाणी 34 ते 35 अंश, मध्यभागी 30 ते 31.

पण राहिलेले दोन दिवस पूर्ण ढगाळ होते, 13 आणि 16 जुलै. काठ आणि मध्य यांत एका अंशापेक्षा कमी फरक. तरी गोळा जमला. सैल, दोन ठिकाणी विभागलेला, दोन्ही वेळा पानांच्या जाड थरावर, आणि गाळ उसळत होता. तिथली सागाची पानं उचलून पाहिली तर वरची बुळबुळीत साय गेलेली, शिरा स्वच्छ.

काठी: तीन वेळा केलं. गोळा फुटला, 4 ते 6 मिनिटांत परत जमला. म्हशीनंतर तास लागला होता.

रातकिडा (19 जुलै, 21:25)

मग ऊन कुठे जमायचं ते ठरवतं आणि जमल्यावर काम खाण्याचं, असं वाचायला हरकत नाही. ढगाळ दिवस दोनच आहेत, त्यावर जास्त भार टाकू नका. श्रावणात ढगांची कमी पडणार नाही, तोवर पिल्लं उरली तर.

पश्चिम काठ का, तेही सुटलं. सकाळचं ऊन पूर्वेच्या झाडांवरून तिरपं येऊन आधी पश्चिम काठावर पडतं. तुमच्या पूर्वेला उंच ऐन किंवा साग असणार.

बोडीकाठ (19 जुलै, 21:40)

बांबूचं बेट आहे, पण हिशेब तोच.

गाळणी (19 जुलै, 22:10)

भीती मात्र यादीतून काढू नका. परातीएवढा होता तो गोळा आता केवढा आहे?

बोडीकाठ (20 जुलै, सकाळी 8:30)

ताटलीएवढा, व्यास 24 सेंमी. 7 जुलैला 41 होता. घनता जवळपास तीच. बैलबेडकाची पिल्लं गोळ्याच्या कडेला घुटमळताना दिसतात, पण खाताना अजून एकदाही फोटोत आलेली नाहीत.

चतुरपंखी (20 जुलै, 9:05)

दोन फोटोंमधलं 30 सेकंदांचं अंतर जास्त आहे, खाणं एका झटक्यात होतं. सकाळी दहा मिनिटं सलग व्हिडिओ घ्या. आणि चतुराच्या अळ्याही मोजा, सगळा आळ बैलबेडकावर नको.

गाळणी (20 जुलै, 9:30)

पुढचे पाय फुटायला लागले की काठाने चालणं बंद करा. बाहेर पडणारं पिल्लू जेमतेम सेंटिमीटरभर असतं आणि ओल्या पानांखाली बसतं, पायाखाली कळतही नाही. दोन दगडांवर फळी टाका, नोंद तिच्यावरूनच.

बोडीकाठ (22 जुलै, 19:15)

फळी टाकली. व्हिडिओ उद्यापासून. पाणी 23 सेंमी, पुढचे पाय फुटलेली भेकाची पहिली तीन पिल्लं आज सकाळी थाळीत.